वाचक विचारतात : जाहिरातीतील विरोधी रंग आणि वाचनीयता

गेल्या अंकात या सदरातून दुकानांच्या पाट्या, वेष्टने, पत्रके आणि ऑनलाइन जाहिराती यांतील रंगांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : विरोधी रंग वापरूनही जाहिरात उठून का दिसत नाही? त्यातील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी गाळली आहेत.

प्रश्न : आमचा देवगडला हापूसचा घरगुती व्यवसाय आहे. यंदा महामार्गालगत लावण्यासाठी हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांचा मोठा फ्लेक्स करून घेतला. लाल आणि हिरवा हे विरोधी रंग असून ते शेजारी ठेवले की एकमेकांना खुलवतात, असे शाळेत चित्रकलेच्या सरांनी शिकवले होते. प्रत्यक्षात दुरून फ्लेक्स वाचताच येत नाही आणि जवळून पाहिल्यास डोळ्यांना त्रास होतो. सरांचे चुकले की फ्लेक्सवाल्याचे?

उत्तर : सरांचे म्हणणे बरोबर आहे आणि फ्लेक्सवाल्याने सांगितले तसे करून दिले आहे. घोटाळा झाला तो दोन निरनिराळ्या विरोधांना एकच समजल्यामुळे. रंगचक्रावर, म्हणजे रंग वर्तुळात क्रमाने मांडलेल्या तक्त्यावर, समोरासमोर येणारे रंग हा एक विरोध. गडद आणि फिका हा दुसरा. पहिला विरोध नजर खेचतो, दुसरा अक्षर वाचू देतो. लाल आणि मध्यम हिरवा या जोडीत पहिला विरोध भरपूर आहे, पण दुसरा जवळजवळ नाहीच.

आपली दृष्टी वस्तूची कडा, आकार आणि बारीक रेषा मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून ओळखते. रंगाची माहिती ती त्या मानाने ढोबळपणे घेते. संगणकाच्या पडद्यासाठी या उजेडाचे गणित ठरलेले आहे. पडद्यावरच्या पांढऱ्या रंगातील एकूण उजेडापैकी सुमारे ७१.५ टक्के हिरव्या, २१ टक्के लाल आणि अवघा ७ टक्के निळ्या प्रकाशाचा असतो. या हिशेबाने दोन रंगांच्या उजेडाचे गुणोत्तर काढतात. पांढऱ्यावर काळा हा सर्वांत मोठा फरक, तो २१ भरतो. दोन्ही रंग एकच असतील तर गुणोत्तर १ येते. पडद्यावरचा भडक लाल आणि नेहमीचा मध्यम हिरवा यांचे गुणोत्तर येते सुमारे १.३. म्हणजे आपल्या डोळ्यांतील जो भाग अक्षरांच्या कडा शोधतो, त्याच्या दृष्टीने आपला फ्लेक्स जवळपास कोराच आहे. रंगाकडे पाहणारा भाग मात्र येथे काहीतरी लिहिलेले आहे असे सांगत राहतो, कडा कोठे आहे हे नक्की ठरत नाही, आणि त्या ओढाताणीत अक्षरांच्या कडा थरथरल्यासारख्या भासतात. डोळ्यांना होणारा त्रास तोच.

फ्लेक्सचे चित्र आपण व्हॉट्सअॅपवरही पाठवले असेल, तर तेथे आणखी एक भर पडते. छायाचित्रे साठवण्याच्या जेपीईजी पद्धतीत उजेडाची माहिती पूर्ण बारकाव्यानिशी ठेवतात, पण रंगाची माहिती सहसा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना निम्म्या बारकाव्याने ठेवतात. माणसाच्या डोळ्याला ते खपते म्हणून. काळ्यावर पांढरे अक्षर या काटछाटीतून सुखरूप निघते. हिरव्यावरचे लाल अक्षर केवळ रंगाच्या फरकावर उभे असल्याने त्याच्या कडांना शेवाळ धरल्यासारखे दिसते.

यावरची परीक्षा सोपी आणि फुकटची आहे. फ्लेक्सचे प्रूफ मोबाइलवर आले की त्या चित्रातला रंग पूर्ण काढून टाकून ते कृष्णधवल करावे. अक्षरे वाचता आली तर पुढे जावे. पार्श्वभूमीत विरघळली तर रंग कितीही आवडले असले तरी छपाईला देऊ नये. आपल्या रस्त्यांवरच्या वाहनांच्या नंबरप्लेट याच कसोटीला उतरलेल्या आहेत. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळे, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळे, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्यावर पिवळे, विजेवरच्या खासगी गाडीला हिरव्यावर पांढरे आणि विजेवरच्या व्यावसायिक गाडीला हिरव्यावर पिवळे. रंग पाच तऱ्हांनी बदलतो, पण गडद-फिक्याचा फरक एकाही तऱ्हेत सोडलेला नाही. तसेच हिरव्यावर लाल असा प्रकार त्यात कोठेही नाही.

आपल्या फ्लेक्ससाठी सुचवावेसे वाटते ते असे : हिरवा ठेवावा, पण आंब्याच्या जून पानासारखा खूप गडद घ्यावा आणि अक्षरे फिकट पिवळी किंवा साईच्या रंगाची करावीत. हे गुणोत्तर ९ ते १० च्या घरात जाते. हापूसचा केशरी-पिवळा रंग फळाच्या छायाचित्रातून येईलच. लाल हवाच असेल तर तो फळाच्या खांद्यावरच्या लालीपुरता किंवा एखाद्या छोट्या गोल शिक्क्यापुरता राहू द्यावा. लाल अक्षरांना पांढरी कडा आणि तिच्याबाहेर काळी सावली द्यावी, असा सल्ला आपल्याला कोणी तरी देईलच, कारण वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बहुतेक फ्लेक्स त्याच युक्तीवर उभे असतात. त्याने अक्षर वाचता येते हे खरे. पण ती पांढरी कडा म्हणजे निवडताना चुकलेल्या रंगांची भरपाई असते आणि देवनागरीत मात्रा, रफार व जोडाक्षरांच्या पोकळ्या त्या कडेने भरून जातात.

प्रश्न : चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत लाल रंगाचा विरोधी रंग हिरवा, असे शिकलो. संगणकावरचे रंगचक्र मात्र लालसमोर आकाशी-हिरवट रंग दाखवते. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. लाल, पिवळा आणि निळा हे प्राथमिक रंग धरून केलेले चक्र चित्रकारांच्या रंगपेटीतून आले आहे. त्यात लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी आणि पिवळ्यासमोर जांभळा येतो. पडद्यावर रंग प्रकाशाचे असतात आणि प्राथमिक रंग लाल, हिरवा व निळा. तेथे लालसमोर सायन म्हणजे आकाशी-हिरवट, हिरव्यासमोर मॅजेंटा म्हणजे राणी आणि निळ्यासमोर पिवळा येतो. छापखान्यातील सायन, मॅजेंटा आणि पिवळी या शाया याच दुसऱ्या चक्राच्या हिशेबाने चालतात. आपल्या डोळ्याचे मत हवे असेल तर लाल कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहावे आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्यावी. जो तुकडा तेथे तरंगताना दिसतो तो निळसर झाक असलेला हिरवा असतो, म्हणजे दोन्ही चक्रांच्या मधोमध. जाहिरातीच्या कामात एवढ्या काटेकोरपणाची गरज क्वचितच पडते. बरोबर समोरच्या रंगाऐवजी त्याच्या शेजारचा घेतला तरी परिणाम टिकतो, आणि पुष्कळदा अधिक सुसह्य होतो.

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यात आमचे गुऱ्हाळ असून यंदापासून एक किलोच्या पाकिटात गूळ विकायचा आहे. आमचा गूळ रसायनविरहित असल्याने रंगाने गडद आहे. नवीन शिकलेल्या पुतण्याने निळे पाकीट सुचवले आहे. घरातील वडीलधारी म्हणतात की खाण्याच्या पदार्थाला निळा रंग शोभत नाही. काय करावे?

उत्तर : या वादात आम्ही पुतण्याच्या बाजूला झुकतो. निळे खाद्यपदार्थ निसर्गात फारसे नसतात म्हणून निळा रंग टाळावा, हा समज पदार्थाच्या रंगाविषयी आहे. तो पाकिटाला लावण्याचे कारण नाही. ओरिओ बिस्किटांचे निळे पाकीट जगभर खपते.

गुळाचा रंग सोनेरी तपकिरी, म्हणजे नारिंगीच्याच घराण्यातला. त्याच्यासमोर निळा येतो, आणि निळ्याच्या शेजारी गुळातील सोनेरीपणा वर येतो. याहून महत्त्वाची गोष्ट गडदपणाची आहे. गडद गूळ पांढऱ्याशुभ्र पाकिटावर छापला किंवा पांढऱ्या चौकटीच्या खिडकीतून दाखवला की तो आहे त्याहून काळपट दिसतो आणि पिवळाधमक गूळ पाहायची सवय झालेल्या गिऱ्हाईकाला तो मळका वाटतो. तोच गूळ गडद निळ्याच्या शेजारी ठेवला तर उजळ दिसतो, कारण शेजारी त्याच्यापेक्षा गडद रंग असतो. आपल्या मालाला रंगापायी जे ऐकून घ्यावे लागते, त्यातले निम्मे पाकीटच निस्तरू शकेल.

प्रमाणाकडे मात्र लक्ष द्यावे. दोन विरोधी रंग निम्मे-निम्मे वाटून दिले की दोघांत श्रेष्ठ कोण हे ठरत नाही आणि पाकीट एखाद्या झेंड्यासारखे दिसू लागते. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटेन यांनी गटे या कवीने मांडलेल्या रंगांच्या तेजाच्या आकड्यांवरून क्षेत्रफळाचे एक प्रमाण सांगितले होते : नारिंगी एक भाग तर निळा दोन, पिवळा एक तर जांभळा तीन, लाल आणि हिरवा समसमान. हे प्रमाण समतोल साधण्यासाठी आहे. दुकानाच्या फळीवरच्या पाकिटाला समतोलापेक्षा ओढ हवी असते, म्हणून व्यवहारात गौण रंग याहूनही कमी ठेवतात. सेव्हन अपच्या हिरव्या बाटलीवर लाल रंगाचा केवळ एक गोल असतो, तरी नजर आधी त्याच्यावरच जाते. आपल्या पैठणी आणि इरकलीच्या विणकरांनी तर हा हिशेब कोणतेही पुस्तक न वाचता केला आहे. अंगभर एक रंग आणि काठापदराला त्याचा विरोधक, पण काठ कधीही अंगाशी बरोबरी करत नाही.

तेव्हा पाकिटाचा बहुतांश भाग गडद निळा, नाव फिकट पिवळसर अक्षरांत आणि गुळाचा खडा अगदी जवळून घेतलेला, असे करून पाहावे. मात्र छपाईचा खर्च करण्यापूर्वी नमुन्याचे एक पाकीट गावातल्या किराणा दुकानात इतर गुळांच्या रांगेत ठेवून चार पावले मागे जावे. त्या रांगेत आधीच निळी पाकिटे असतील तर वरचे सर्व विवेचन बाजूला ठेवून दुसरा रंग शोधावा लागेल. आणखी एक सूचना : आपल्याकडे निळा, भगवा आणि हिरवा या रंगांना सामाजिक व राजकीय अर्थ चिकटलेले आहेत. गुळाच्या पाकिटाला त्याची झळ लागण्याचे कारण नाही, पण निवडणुकीच्या हंगामात रस्त्यावर फलक लावणाऱ्यांनी ते भान ठेवावे.

प्रश्न : येवल्याहून आम्ही पैठण्यांची ऑनलाइन विक्री करतो. छायाचित्रे उठावदार यावीत म्हणून मोरपंखी साडी लाल मखमलीवर आणि डाळिंबी साडी हिरव्या मखमलीवर ठेवून टिपतो. साड्यांना मागणी चांगली येते, पण "फोटोत होता तो रंग नाही" म्हणून काही साड्या परत येतात. साडीच्या रंगात आम्ही संगणकावर काहीही फेरफार करत नाही. मग हा फरक कोठून येतो?

उत्तर : फेरफार आपण करत नसलात तरी मखमल करते. या तक्रारीला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. पॅरिसमधील गोबलँ या राजाश्रयाने चालणाऱ्या भित्तिवस्त्रांच्या कारखान्यात १८२४ मध्ये मिशेल युजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. तेथे तक्रार अशी होती की निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांमध्ये विणलेला काळा धागा फिकट पडतो, त्यात जोर नाही. शेव्रल यांनी आपल्याकडचा काळा धागा इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला, तेव्हा रंगाईत काहीच खोट आढळली नाही. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्याचा होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरोधी रंगाची छाया टाकतो. निळ्याने काळ्यावर नारिंगीसर छाया टाकली आणि काळा विटलेला दिसू लागला. या अभ्यासातून त्यांचा रंगविरोधाच्या नियमावरचा ग्रंथ १८३९ मध्ये आला आणि पुढे फ्रेंच चित्रकारांनी तो जवळ केला. शेव्रल १०२ वर्षे जगले, त्यामुळे त्या चित्रकारांची चित्रे गाजलेली पाहण्याचे भाग्यही त्यांना मिळाले.

आपल्या मखमलीवर हेच घडते. लाल मखमल मोरपंखीवर हिरवट-निळी छाया टाकते, म्हणून साडीचा रंग आहे त्याहून अधिक तेजस्वी आणि अधिक हिरवा भासतो. ग्राहक घरी पेटी उघडतो तेव्हा ती मखमल तेथे नसते. रंग तोच असतो, पण त्याला चढवणारा शेजारी निघून गेलेला असतो.

त्यात मोबाइलचा कॅमेरा भर घालतो. कॅमेऱ्यातील पांढऱ्या रंगाचा तोल आपोआप ठरत असतो. चौकटीचा मोठा भाग एकाच रंगाने व्यापलेला दिसला की हा उजेडाचाच रंग असावा, असा त्याचा समज होण्याचा संभव असतो आणि तो संपूर्ण चित्र उलट दिशेला ढकलतो. हिरव्या मखमलीने चौकट भरली की चित्र राणी रंगाकडे झुकते आणि डाळिंबी साडी गुलाबी होऊन बसते. म्हणजे एकदा डोळा फसतो आणि एकदा कॅमेरा, आणि दोघेही एकाच दिशेने.

उपाय म्हणून दोन प्रकारची छायाचित्रे वेगळी ठेवावीत. जाहिरातीचे, म्हणजे जे पाहून ग्राहकाने थांबावे, ते मखमलीवर असायला हरकत नाही. पण ज्यावर पाहून ग्राहक पैसे भरतो ते छायाचित्र मध्यम करड्या किंवा मळकट पांढऱ्या साध्या कापडावर, खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या अप्रत्यक्ष उजेडात, कॅमेऱ्याचा रंगतोल एकदा करड्या कागदावर बसवून आणि मग न बदलता घेतलेले असावे. करडा रंग शेजाऱ्याला कोणत्याच बाजूला ढकलत नाही. ताना एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाव साड्यांच्या बाबतीत एक छायाचित्र पुरत नाही, कारण कापड हलले की रंग बदलतो. अशा साडीची छोटी चित्रफीतच टाकावी. अंगाचा रंग दाखवण्यासाठी नुसता मधला चौकोन कापून लावण्याची पद्धत आहे, तीही टाळावी. मोरपंखी अंगाला राणी काठाने जो उठाव दिलेला असतो तो त्या चौकोनात राहत नाही, आणि दुकानात काठासकट पाहिलेली साडी व पडद्यावरचा चौकोन या दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

यात फसवणूक आहे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. उद्देश फसवण्याचा नाही, हे मान्य आहे. तरीही लाल मखमलीमुळे रंग चढतो हे आता ठाऊक झाल्यावर विक्रीच्या छायाचित्रात ती ठेवणे आम्हाला रास्त वाटत नाही.

प्रश्न : पुण्यात माझा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. वेबसाइट करून देणारे म्हणतात की "ऑर्डर करा" हे बटण नारिंगी असले की विक्री वाढते. माझा भाऊ म्हणतो लाल. साइटचा मुख्य रंग हिरवा आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : कोणताही रंग स्वतःच्या बळावर विकत नाही. या विषयात नेहमी दाखला दिला जातो तो परफॉर्मेबल या अमेरिकी कंपनीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा. एकाच पानावर काहींना हिरवे तर काहींना लाल बटण दाखवले, तेव्हा लाल बटणावर २१ टक्के जास्त क्लिक आले. तेव्हापासून "लाल जिंकतो" हे वाक्य व्याख्यानांतून फिरत आहे. ते पान मुळात हिरव्या रंगाचे होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. हिरव्या पानावर हिरवे बटण दबून गेले आणि लाल वेगळे पडले. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये दाखवून दिले होते की सारख्या गोष्टींच्या रांगेतील वेगळी गोष्ट अधिक लक्षात राहते. बटणाचे काम त्याच तत्त्वावर चालते.

आपली साइट हिरवी आहे, तेव्हा लाल किंवा नारिंगी दोन्ही वेगळे पडतील. त्यावरून वाद नको. अट इतकीच की तो रंग पानावर दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. चकल्यांच्या मागे नारिंगी पट्टा, "नवीन" असे सांगणारी नारिंगी फीत आणि वर नारिंगी बटण, असे झाले की वेगळेपण संपते.

बटणावरच्या अक्षरांचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तेथेच बहुतेकांचे बिघडते. भडक नारिंगीवर पांढरी अक्षरे देखणी दिसतात, पण त्यांचे गुणोत्तर सुमारे २.५ येते. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने २००८ मध्ये घालून दिलेल्या निकषांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ आणि मोठ्या किंवा ठळक मोठ्या अक्षरांना किमान ३ हवे. त्याच नारिंगीवर गडद निळी अक्षरे घेतली तर गुणोत्तर ६ च्या वर जाते, काळी घेतली तर ८ च्या वर. पांढऱ्याचा मोह आवरत नसेल तर नारिंगी सोडून विटकरी घ्यावा. फराळाची ऑर्डर देणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेले पुष्कळ असतात आणि ते मोबाइल उन्हात धरून पाहतात, हे साइट बनवणाऱ्या तरुणांच्या ध्यानात येत नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला लाल-हिरवा फरक कळत नाही. सवलतीच्या जाहिरातींत जुनी किंमत लाल आणि नवी हिरवी दाखवतात, ते त्याला सारखेच दिसते. जाहिराती करणाऱ्यांनी याचा विचार करायला नको का?

उत्तर : अवश्य करायला हवा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत अर्धा टक्का लोकांना ही अडचण असते. आपल्याकडेही ती दुर्मीळ नाही. आपल्या देशातच याची चांगली दखल घेतलेली आहे. पाकिटांवरच्या शाकाहाराच्या खुणेत हिरवा गोल आणि मांसाहाराच्या खुणेत तपकिरी गोल असे, आणि हे दोन रंग न ओळखणाऱ्याला दोन्ही खुणा एकच वाटत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत मांसाहाराच्या गोलाच्या जागी त्रिकोण आला. रंग तेच राहिले, फक्त आकार वेगळा झाला आणि प्रश्न मिटला. किमतीच्या बाबतीतही तसेच : जुन्या किमतीवर काट मारावी, नवी किंमत मोठी व ठळक छापावी आणि मग रंग हवा तो द्यावा.

प्रश्न : नाशिकला आमचे शिकवणी वर्ग आहेत. निळ्यातून नारिंगीत जाणारी पार्श्वभूमी आणि तिच्यावर पांढरी बारीक अक्षरे असे पत्रक पडद्यावर फार सुंदर दिसत होते. छापून आले तेव्हा निळा मंद, नारिंगी मातकट, मधला भाग मळका आणि बरीच अक्षरे भरलेली. छापखान्याने हलगर्जीपणा केला का?

उत्तर : पत्रासोबत आलेली प्रत पाहिली. छपाई साधारण आहे, पण दोष मुख्यतः रचनेतला आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद केवळ पडलेल्या प्रकाशातला काही भाग परत करतो. पडद्यावरचा झळझळीत निळा आणि नारिंगी सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी या चार शायांच्या नेहमीच्या छपाईत येतच नाहीत. तो नारिंगी हवाच असेल तर पाचवी, तयार मिसळलेली शाई घ्यावी लागते आणि तिचा खर्च पत्रकाला परवडत नाही.

मधला मळकेपणा विरोधी रंगांच्या स्वभावातच आहे. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना खुलवतात आणि एकमेकांत मिसळले तर एकमेकांना मारतात. पडद्यावर शुद्ध निळ्यातून शुद्ध पिवळ्याकडे सरळ उतरण काढली तर मध्यावर तंतोतंत करडा रंग येतो. निळा-नारिंगीच्या मध्यावर उदास जांभळट येतो, आणि शाईत तो आणखी गढुळतो. दोघांच्या मध्ये स्वच्छ सरळ सीमा ठेवावी किंवा पांढरी पट्टी सोडावी. उतरण हवीच असेल तर निळ्यातून फिकट निळ्याकडे जावी.

अक्षरांचे म्हणाल तर गडद पार्श्वभूमीतून पांढरी अक्षरे सोडणे, ज्याला छापखान्यात रिव्हर्स म्हणतात, देवनागरीला रोमनपेक्षा जड जाते. शाई कागदावर थोडी पसरते आणि पांढरी रेघ चहूबाजूंनी बारीक होते. तीन-चार शायांच्या प्लेट केसभर जरी सरकल्या तरी अक्षरांच्या कडांना रंगीत झालर येते. आधी अनुस्वार जातो, मग रफार, मग जोडाक्षरातला अर्धा वर्ण. आपल्या पत्रकावर "अंक" या शब्दाचा "अक" झाला आहे आणि "मार्गदर्शन" मधले दोन्ही रफार नाहीसे झाले आहेत. गणिताच्या शिकवणीला हे परवडणारे नाही. पुढच्या वेळी मजकूर पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या पट्ट्यावर एकाच काळ्या शाईने छापून घ्यावा, रिव्हर्स फक्त मोठ्या शीर्षकापुरते ठेवावे आणि तेथे ठळक टाइप घ्यावा. निळ्यासाठी सायनच्या जोडीला थोडी काळी शाई चालेल, पण मॅजेंटा जपून वापरावी, नाहीतर निळा जांभळ्याकडे जातो. फ्लेक्सही करून घेणार असाल, तर उन्हात पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात आणि काही महिन्यांत सारा फलक निळसर पडतो, हे गृहीत धरून फोन नंबर नारिंगीत न देता काळ्यात द्यावा.